सुई, नमुने आणि शेजारचं दुकान



आज गोंदणाची गोष्ट. तुळस का काढतात, विंचू कशासाठी, कपाळावरच्या ठिपक्याचा अर्थ काय, हे आपण घरातल्या म्हाताऱ्या बायांकडून ऐकलेलं आहे. दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं वर बरोबर येतं, हेही ऐकलेलं आहे. आज मला बोलायचंय ते गोंदणाऱ्या माणसांबद्दल. त्यांच्या धंद्याबद्दल, धंद्यातल्या भांडणांबद्दल, आणि भांडता भांडता एकमेकांच्या हाताला त्यांनी दिलेल्या मानाबद्दल.

आपल्याकडं गोंदणारी बहुतेक बाईच असायची. दारात यायची, ओट्यावर बसायची, पोरीचा हात मांडीवर घ्यायची. दिव्याची काजळी, दोन-चार सुया एकत्र बांधलेल्या, टोचून झालं की वरून हळद. पोरीचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून गाणं. मोबदला सुपातलं धान्य, नाहीतर जुनं लुगडं. शेजारच्या मध्य प्रदेशात बैगा समाजाच्या बायांना बादी समाजाच्या बाया गोंदतात, आणि ती विद्या आईकडून लेकीकडं जाते. म्हणजे गोंदणारी बाई, गोंदून घेणारीही बाई. पुरुषाचा त्यात फारसा संबंध नाही.

समुद्रापलीकडं, अमेरिकेत आणि इंग्लंडात, हाच धंदा उलटा उभा राहिला. तिथं गिऱ्हाईक होतं खलाशी आणि सैनिक. दुकानं बंदराजवळ, छावणीजवळ, दारूच्या गुत्त्याशेजारी. त्यामुळं गोंदणारा पुरुष, गोंदून घेणाराही पुरुष. बाई तिथं शिरली ती तमाशाच्या तंबूतून. अंगभर गोंदून घ्यायचं आणि सर्कशीत उभं राहून लोकांना दाखवायचं, हा तिचा मार्ग. त्यातल्या काहीजणींनी पुढं सुई स्वतःच्या हातात घेतली. त्यांच्याकडं मी येणारच आहे. आधी ते दुकान कसं होतं ते बघू.

न्यूयॉर्क शहरात बॉवरी नावाचा रस्ता आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथं गुत्ते, स्वस्त खानावळी, नाचगाण्याची थेटरं आणि रात्रभर पाठ टेकायला मिळणाऱ्या खोल्या होत्या. रस्त्याच्या टोकाला चॅटम स्क्वेअर नावाचा चौक. बोटीवरून उतरलेला खलाशी खिशात पगार घेऊन तिकडंच यायचा. गोंदणाऱ्याचं दुकान म्हणजे बहुधा न्हाव्याच्या दुकानातला एखादा कोपरा. एकाच ठिकाणी दाढी, केस आणि दंडावर नांगर किंवा गरुड. आणखी एक काम ही मंडळी करायची, ऐकून हसू येईल. मारामारीत डोळा काळानिळा झालेला माणूस सकाळी कामावर जाण्याआधी यांच्याकडं यायचा. हे त्यावर कातडीच्या रंगाचा रंग लावून डोळा पुन्हा बरा दिसेल असा करून द्यायचे. तशा पाट्याच लावलेल्या असत.

याच भागात सॅम्युअल ओ'रायली नावाचा गोंदणारा होता. त्याच्या आधी एडिसननं, म्हणजे आपल्याला विजेच्या दिव्यामुळं माहीत असलेल्या एडिसननं, १८७६ साली एका विजेच्या पेनचं पेटंट घेतलं होतं. ते पेन लिहायचं नाही, कागदाला बारीक बारीक भोकं पाडायचं. त्या कागदावरून शाईचा रूळ फिरवला की खालच्या कागदावर नक्कल उमटायची. कचेऱ्यांत पत्रांच्या प्रती काढण्यासाठी ते केलेलं. ओ'रायलीनं त्याच जातीचं यंत्र कातडीसाठी बनवलं, त्याला शाई धरणारी नळी जोडली, आणि ८ डिसेंबर १८९१ रोजी त्याचं पेटंट मिळवलं. विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचं अमेरिकेतलं ते पहिलं पेटंट. पेटंट म्हणजे सरकारी कागद: ही युक्ती या माणसाची, ठरलेली वर्षं दुसऱ्यानं ती परवानगीशिवाय वापरायची नाही.

हाताच्या कितीतरी पट वेगानं सुई चालायला लागली. एका संध्याकाळी जिथं दोन गिऱ्हाइकं व्हायची तिथं दहा व्हायला लागली. मग शेजारचे गप्प कसे बसणार? एल्मर गेचेल नावाच्या दुसऱ्या गोंदणाऱ्यानं विजेचं यंत्र चालवलं, तेव्हा ओ'रायलीनं त्याला १९०० सालच्या आसपास कोर्टात खेचलं. गेचेलचं म्हणणं, माझं यंत्र तुझ्या कागदातलं नव्हेच. एका चौकात सुई मारणारी दोन माणसं, दोन वकील, आणि वाद कशाचा, तर हातभर लोखंडाचा. पण त्या लोखंडावर घर चालत होतं. १९०९ साली ओ'रायली स्वतःच्या घराला रंग देताना पडून मेला.

त्याच्या मागं चॅटम स्क्वेअरमध्ये नाव झालं ते चार्ली वॅग्नरचं. वॅग्नरनं १९०४ साली स्वतःच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते विजेच्या घंटीच्या तत्त्वावर होतं. तारेच्या गुंडाळीत वीज गेली की लोखंडी पट्टी खाली ओढली जाते, ओढली की वीज तुटते, तुटली की पट्टी परत वर. हे सेकंदात कितीतरी वेळा. घंटीत ती पट्टी वाटीवर आपटते, इथं सुईला ढकलते. जत्रेत आपण जे गुणगुणणारं यंत्र बघतो, कुणाचं छोट्या मोटारीवर तर कुणाचं गुंडाळीवर, ते याच घराण्यातलं.

वॅग्नरची एक गोष्ट मला फार आवडते. त्यानं यंत्रं, सुया, रंग विकायचा जोडधंदा काढला आणि तो विकायचा कुणाला, तर इतर गोंदणाऱ्यांना. त्याच्याच काळात लू अल्बर्ट्स नावाचा गोंदणारा होता. तो आधी भिंतीला चिकटवायच्या नक्षीदार कागदाचे नमुने काढायचा. गोंदणाऱ्यांच्या दुकानातली ओबडधोबड चित्रं बघून त्यानं नीटस नमुन्यांचे तक्ते तयार केले. जहाज, गुलाब, कट्यार, हृदय, आईचं नाव लिहायला फीत. त्या तक्त्यांना ते लोक फ्लॅश म्हणतात. गिऱ्हाइकानं भिंतीकडं बघायचं, बोट दाखवायचं, किंमत खाली लिहिलेली. हे तक्ते गावोगावच्या दुकानांत गेले. म्हणजे बघा, ज्याच्याशी स्पर्धा, त्यालाच माल विकायचा. आपल्याकडं शिवणकाम करणारी बाई शेजारणीला ब्लाउजचा कागदी नमुना कापून देते आणि त्याचे पैसे घेते, तसं. यात मैत्री किती आणि हिशेब किती, ते ज्याचं त्याला ठाऊक. पण त्यामुळं सगळ्यांचंच काम सुधारलं हे खरं.

एक गमतीची गोष्ट सांगते. खलाशांना अंगावर नागडी बाई गोंदून घ्यायची हौस. अमेरिकेच्या नौदलानं विसाव्या शतकाच्या सुरवातीला सांगून टाकलं, असलं गोंदण असलेला माणूस भरतीला चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धात तरुणांची भरतीसाठी रीघ लागली, तेव्हा आधी ते वॅग्नरसारख्यांच्या दुकानात. तिथं त्या चित्रातल्या बाईला झगा घालायचा, आणि मग भरतीला जायचं. जुन्या गिऱ्हाइकांचे नव्यानं पैसे!

या रस्त्यावर एक बाई दुकान टाकून बसली. मिल्ड्रेड हल तिचं नाव, सगळे मिली म्हणत. नाचणारी म्हणून सुरवात, मग सर्कस. अंगभर गोंदून घेतलं ते वॅग्नरकडूनच. पण नुसतं अंग दाखवून किती दिवस निघणार? तिनं सुई शिकली आणि बॉवरीवर १६ नंबरला, न्हाव्याच्या दुकानात, आपलं काम सुरू केलं. त्या सगळ्या रस्त्यावर गोंदणारी बाई ती एकटी. ज्या वॅग्नरनं तिला गोंदलं, त्याच्याच पंक्तीत बसून ती त्याच गिऱ्हाइकांसाठी धडपडत होती. १९३६ साली फॅमिली सर्कल या बायकांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचं चित्र आलं. स्वयंपाकाच्या कृती छापणारं मासिक, आणि वर गोंदणारी बाई! नाव झालं, पण दिवस सोपे झाले नाहीत. १९४७ साली तिनं स्वतःचं आयुष्य संपवलं. तिच्या मनात काय होतं ते तर्कानं सांगणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून इथंच थांबते.

आता या धंद्यावर आलेलं संकट. मिलीला जाऊन चौदा वर्षं झाली होती. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यानं १ नोव्हेंबर १९६१ पासून शहरात गोंदायला बंदी घातली. कारण सांगितलं कावीळ. साधी कावीळ नव्हे, रक्तातून पसरणारी, जिला हेपटायटिस बी म्हणतात ती. एकाला टोचलेली सुई न उकळता दुसऱ्याला टोचली की हा रोग जातो. गोंदणारे म्हणाले, १९६४ चं जागतिक प्रदर्शन येतंय, त्याआधी शहर झाडून काढायचंय, म्हणून आमच्यावर खापर. कोनी आयलंडच्या फ्रेड ग्रॉसमन नावाच्या गोंदणाऱ्यानं कोर्टात दाद मागितली. १९६६ साली राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टानं बंदी कायम ठेवली. ती उठली १९९७ साली. छत्तीस वर्षं! या काळात कुणी शहर सोडलं, कुणी धंदा सोडला, कुणी घराचे पडदे ओढून चोरून काम केलं.

मला यात एक खटकतं. या मंडळींनी यंत्राच्या मालकीसाठी कोर्टाची पायरी चढली. नमुना कुणाचा, गिऱ्हाईक कुणाचं, यावर भांडले. पण सुई कशी उकळायची, रंगाची वाटी दर माणसाला नवी घ्यायची की नाही, याचा एक नियम सगळ्या दुकानांनी मिळून वेळेवर केला नाही. खुद्द वॅग्नरवरही सुया नीट निर्जंतुक न केल्याबद्दल दंड झाला होता. एक दुकान घाण असलं की नाव सगळ्या रस्त्याचं जातं. आणि हे नुसतं न्यूयॉर्कचं नाही. मैत्रिणींनो, जत्रेत पोरं हातावर नाव गोंदून घेतात. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगा. रंगही नव्या छोट्या टोपणात ओतायला सांगा, कारण सुई नवी आणि रंग आधीच्या माणसाचा, तर उपयोग शून्य. कावीळ, एचआयव्ही, दोन्ही रक्तातून जाऊ शकतात. गोंदणारा कुरकुरला तर सरळ उठायचं.

आता येते माझ्या आवडत्या बाईकडं. जेसी नाइट. ही इंग्लंडची, क्रॉयडनमध्ये जन्मलेली. बाप गोंदायचा, आणि फिरत्या खेळात बंदुकीचा नेमही दाखवायचा. लेक त्या खेळात निशाणाशी उभी राहायची. एकदा नेम चुकला आणि गोळी तिच्या खांद्याला लागली, असं सांगतात. त्यापेक्षा सुई बरी, असं तिला वाटलं असेल तर नवल नाही! १९२० नंतरच्या वर्षांत, विशीच्या आत, वेल्समधल्या बॅरी नावाच्या बंदरगावी बापाकडं ती गोंदायला शिकली. पुढं चॅटम या आरमाराच्या गावी चार्ली बेल नावाच्या गोंदणाऱ्याबरोबर काम केलं. न्यूयॉर्कच्या चौकाचं नाव आणि या गावाचं नाव एकच आहे, पण हे गाव इंग्लंडातलं. मग पोर्ट्समथ, तेही आरमाराचं. मग ऑल्डरशॉट, ती लष्कराची छावणी. गिऱ्हाईक सगळं खलाशी आणि शिपाई. ब्रिटनमध्ये दुकान मांडून गोंदणारी पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात.

जेसीचं बळ होतं तिच्या चित्रात. भिंतीवरचे ठरावीक तक्ते उतरवून काढण्यापेक्षा ती स्वतःची चित्रं काढायची. तेच इतरांच्या डोळ्यांत आलं. ते का, हे समजायला त्या वेळची कामाची पद्धत समजून घ्यावी लागेल. चित्राच्या रेघा एका पारदर्शक पातळ पत्र्यावर टोकदार सुईनं कोरायच्या. पत्रा सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या सिनेमाच्या फितीसारखा. कोरलेल्या रेघांत कोळशाची बारीक पूड चोळायची. कातडीला व्हॅसलीन लावायचं आणि पत्रा वरून दाबायचा. पूड कातडीला चिकटते, रेघा उमटतात, त्यावरून सुई चालवायची. आपण रांगोळीचा छाप वापरतो, त्याच जातीचं काम. एक पत्रा वर्षानुवर्षं चालतो. म्हणजे गोंदणाऱ्याची खरी पुंजी यंत्रात नसते, यंत्र विकत मिळतं. पुंजी असते त्या चित्रांत आणि पत्र्यांत.

आणि ती चोरायला सोपी. रात्री कुलूप तोडलं की झालं. जेसीच्या बाबतीत तेच झालं. तिची दुकानं फोडली गेली, चित्रं चोरीला गेली, आणि हे करणारे धंद्यातलेच पुरुष होते, असं तिच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी नोंदलेलं आहे. यात मत्सर किती आणि बाई म्हणून हिणवणं किती, हे वेगळं करता येणार नाही. तिचं काम वाईट असतं तर कुणी कुलूप तोडलं नसतं, एवढं मात्र नक्की. चोरानं दिलेली ही पावतीच म्हणायची, पण अशी पावती कुणाला हवी असते?

मग तिनं काय केलं? चित्रं एका पेटीत ठेवली, आणि गोंदताना त्या पेटीवरच बसायला लागली. असं सांगतात, आणि मला ते पटतं. समोर खलाशाचा दंड, हातात यंत्र, आणि खाली सगळी इस्टेट. आपल्यातही धान्याच्या कणगीत पैशाची पुरचुंडी ठेवणाऱ्या बाया काय कमी होत्या?

बचत गटातल्या बायांना हे दुखणं नवीन नाही. आपण मसाल्याच्या पुडीवर छान चित्र काढून घ्यावं आणि महिन्याभरात बाजारात तसंच चित्र दुसऱ्याच पुडीवर दिसावं. पुडीवर निदान आपलं नाव छापता येतं. गोंदणातली पंचाईत अशी, की चित्र कातडीवर गेलं की ते गिऱ्हाइकाबरोबर रस्त्यावर चालायला लागतं. ज्याला नजर आहे तो बघून काढणारच. तेवढं सगळे धरून चालतात. म्हणूनच या धंद्यात एक न लिहिलेली रीत पडली. बघून शिकणं वेगळं, दुसऱ्यानं एका माणसासाठी म्हणून काढलेलं चित्र जसंच्या तसं उचलणं वेगळं. पहिल्याला शिष्य म्हणतात, दुसऱ्याला चोर. मधली रेघ पुसट आहे, आणि भांडणं त्या रेघेवरच होतात.

१९५५ साली इंग्लंडमध्ये गोंदणाऱ्यांची एक स्पर्धा झाली, साऱ्या इंग्लंडातला सर्वांत चांगला गोंदणारा कोण हे ठरवायला. जेसीनं एका खलाशाच्या पाठीवर स्कॉटलंडच्या नाचाचं चित्र गोंदलं होतं, हायलंड फ्लिंग म्हणतात तो नाच. पाठभर चित्र. तिचा दुसरा नंबर आला. एकटी बाई, साऱ्या पुरुषांत. सर्वोत्कृष्ट ठरला ब्रिस्टलचा लेस स्क्यूझ.

हा स्क्यूझ माणूस लक्षात ठेवण्यासारखा. १९५३ साली त्यानं ब्रिस्टलमध्ये गोंदणाऱ्यांचं एक मंडळ काढलं, ब्रिस्टल टॅटू क्लब. तोवर प्रत्येक जण आपापल्या दुकानाचं दार लावून बसलेला. रंग कुठून आणतो, कसा कालवतो, सुईला सुई कशी जोडतो, सगळं गुपित. मंडळात हे लोक एका खोलीत बसले. गोंदलेल्या माणसांना बोलावून कामं दाखवली, फोटो काढले, अमेरिकेतल्या गोंदणाऱ्यांशी पत्रं सुरू केली, नमुन्यांची देवघेव केली. जेसीही त्या मंडळात होती. ज्यानं तिला मागं टाकलं त्याच्याच मंडळात. भांडण संपलं असं मी म्हणत नाही. पोट आहे तोवर गिऱ्हाइकासाठी ओढाताण असणार. पण पेटीवर बसून राहणाऱ्या बाईला आपलं काम चारचौघांसमोर उघडं करायला एक जागा मिळाली.

तिनं पुढं कितीतरी वर्षं काम केलं, म्हातारपणी बॅरीला परत गेली, आणि १९९२ साली वारली. तिची चित्रं, पत्रे, फोटो, यंत्रं घरच्यांनी सांभाळली, आणि अलीकडं ती वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. ज्या चित्रांसाठी कुलपं तुटली, त्यांना आता सरकारी कुलूप आहे.

पत्रांचं नाव निघालं म्हणून हवाईतल्या एका माणसाचं सांगते. हवाई म्हणजे पॅसिफिक महासागरातली बेटं. तिथं होनोलुलु शहरात नॉर्मन कॉलिन्सचं दुकान होतं. जग त्याला सेलर जेरी म्हणून ओळखतं. स्वभाव तिखट, तोंड फाटकं, शेजारच्या दुकानदारांबद्दल एक शब्द चांगला बोलायचा नाही. पण सुया आणि हत्यारं वाफेच्या दाबानं निर्जंतुक करायची पद्धत त्यानं लवकर धरली, आणि कातडीला चालेल असा जांभळा रंग शोधायला जिवाचं रान केलं. १९४१ साली जपाननं पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले, ते त्याच्याच बेटावर. जपानचा राग त्याच्या मनात कायम राहिला. तरी गोंदणात जपानी माणसांचा हात कुणी धरू शकत नाही, हेही त्याला माहीत होतं. त्यांच्याच विद्येत त्यांना हरवायचं, ही त्याची जिद्द.

जपानची कथा आणखी वेगळी. तिथल्या सरकारनं १८७२ साली गोंदण बेकायदा ठरवलं होतं, आणि ते १९४८ पर्यंत तसंच होतं. पाऊण शतक ती विद्या गुरूनं शिष्याला चोरून दिली. जेरीनं गिफू शहरातल्या होरिहिदे या उस्तादाला पत्र घातलं. याच्याकडून अमेरिकेतले रंग आणि यंत्रं, त्याच्याकडून पाठभर एकच चित्र कसं बसवायचं, लाटा, ढग, मासा एकमेकांत कसे गुंफायचे, त्याची समज. शेजारच्या दुकानाशी न बोलणारा माणूस समुद्रापार शत्रूच्या देशाशी पत्रं लिहीत होता. शेजाऱ्याचा मान ठेवणं अवघड आणि लांबच्याचा सोपं, असं तर नाही ना? लांबचा आपलं गिऱ्हाईक पळवत नाही.

जेरी १९७३ साली वारला. जाताना सांगून गेला, माझं दुकान या तिघांपैकी एकानं घ्यावं: एड हार्डी, झीक ओवेन, माइक मलोन. तिघंही गोंदणारे, तरुण, आणि त्याच धंद्यातले त्याचे स्पर्धकच म्हणा. तिघांपैकी कुणी घेतलं नाही, तर सगळं जाळून टाका. ज्याला त्याची किंमत कळत नाही त्याच्या हाती चित्रं जाऊ नयेत, एवढाच अर्थ. मलोननं ते दुकान घेतलं आणि चालवलं. हार्डी त्याच वर्षी गिफूला गेला आणि होरिहिदेकडं कामाला राहिला.

याच हार्डीची आणखी एक गोष्ट आहे, पण तिची सुरवात होते एका बाईपासून. मॉड स्टीव्हन्स, अमेरिकेतल्या कॅन्ससची, सर्कशीत कसरती करणारी. १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक मेळ्यात तिला गस वॅग्नर नावाचा गोंदणारा भेटला. हा न्यूयॉर्कचा वॅग्नर नव्हे, वेगळा. त्यानं फिरायला चल म्हटलं. ती म्हणाली, आधी मला गोंदायला शिकव. असा सौदा झाला, पुढं लग्न झालं. सगळीकडं विजेची यंत्रं आली तरी ही दोघं हातानंच गोंदत राहिली, आपल्या गोंदणारणींसारखी, टोच टोच करत. गावोगाव, सर्कशीबरोबर, मेळ्यांतून.

त्यांना एक लेक झाली, लोटेव्हा. नऊ वर्षांची असल्यापासून ती गोंदायला लागली. आईनं मात्र एक अट घातली होती, बापानं लेकीच्या अंगावर सुई लावायची नाही. का, ते आईलाच ठाऊक. स्वतः मॉडचं अंग गळ्यापर्यंत गोंदलेलं. बाप गेला, १९६१ साली आईही गेली, पण लोटेव्हानं ती अट मोडली नाही. जन्मभर दुसऱ्यांना गोंदलं आणि स्वतःच्या अंगावर एक ठिपका नाही.

हार्डी तोवर अमेरिकेतला नावाजलेला गोंदणारा झाला होता. जपानी उस्तादाकडं राहून आलेला, चांगल्यातलं चांगलं यंत्र हाताशी असलेला. लोटेव्हा १९९३ साली वारली. त्याआधी तिनं गोंदलेलं शेवटचं चित्र एक गुलाब होता, असं नोंदलेलं आहे. हार्डीनं दंड पुढं केला, आणि म्हाताऱ्या बाईनं त्याच्यावर तो गोंदला.